इंजिन बांधताना पिस्टन-वॉल्वमधली फट तपासा, नाहीतर खर्च दुप्पट

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा पाण्यात बुडालेली मोटरसायकल तशीच सुरू केली, तर सिलिंडरमधलं पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. ओढ्यात गाडी बुडाली तरी तेच. मग इंजिन उघडावं लागतं.

उघडल्यावर हेड घासलं किंवा पातळ गॅस्केट टाकलं की पिस्टन आणि वॉल्वमधली फट तेवढीच कमी होते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर येतो, तेव्हा दोन्ही वॉल्व थोडे उघडे असतात. धडक इथंच बसते.

तपासणी सोपी आहे. पिस्टनवर वॉल्वच्या खाचांत मुलांची खेळायची क्ले लावा, वरून थोडं ऑइल. तेवढ्याच जाडीचं जुनं दबलेलं गॅस्केट टाकून हेड कसा. टायमिंगच्या खुणा जुळवा, टॅपेट लावा. प्लग काढून पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे हळू फिरवा. अडकलं तर जोर करू नका.

हेड काढून क्ले ब्लेडने कापा, सगळ्यात पातळ जागी व्हर्नियरने मोजा. साधारण इनटेकला दीड, एक्झॉस्टला दोन मिलिमीटर धरतात. एक्झॉस्ट वॉल्व जास्त तापून लांबतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं माप असेल तर तेच पाळा.

फट कमी भरली तर जाड गॅस्केट टाका, नाहीतर लेथवाल्याकडून खाचा खोल करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. ते टाळलं तर वॉल्व वाकतो, पिस्टन फुटतो आणि इंजिन पुन्हा उघडावं लागतं.