मूत्रपिंडातील डोपामिन : निर्मिती आणि विघटन

डोपामिन म्हटले की प्रथम मेंदूचे स्मरण होते. तथापि मूत्रपिंडही स्वतःचे डोपामिन तयार करते आणि त्यासाठी ते प्रामुख्याने चेतातंतूंवर अवलंबून नसते. रक्तातून गाळला गेलेला एल-डोपा समीपस्थ नलिकेच्या पेशी शोषून घेतात. तेथे डीकार्बोक्सिलेज या विकरामुळे त्याचे डोपामिनमध्ये रूपांतर होते. डोपामिनपासून नॉरॲड्रेनॅलिन बनविणारे विकर या पेशींत नसल्याने प्रक्रिया तेथेच थांबते. हे डोपामिन सोडियमचे पुनर्शोषण कमी करते. परिणामी अधिक सोडियम मूत्रावाटे बाहेर पडते. पुढे मोनोअमाइन ऑक्सिडेज आणि कॉम्ट ही विकरे त्याचे विघटन करतात व अखेरीस होमोव्हॅनिलिक आम्ल तयार होते. म्हणजेच डोपामिनचा प्रभाव निर्मितीइतकाच विघटनाच्या वेगावरही अवलंबून असतो. या यंत्रणेत बिघाड झाल्यास शरीरात सोडियम साठून रक्तदाब वाढू शकतो.

या ज्ञानाचा उपयोग मात्र विवेकानेच करावा लागतो. मूत्रपिंडाच्या रक्षणासाठी अतिदक्षता विभागांत अल्प मात्रेत डोपामिन देण्याची प्रथा होती. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील, २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा असा लाभ आढळला नाही. पेशीत घडणारे डोपामिन आणि शिरेतून दिलेले डोपामिन रासायनिकदृष्ट्या एकच असले, तरी त्यांचे कार्य एकच मानता येत नाही.