बोअरला लागलेला काळा दगड ग्रॅनाइट की बेसॉल्ट? वऱ्हाडातील पाण्याचे गणित समजून घ्या

अमरावती-अकोल्यात विहीर खोदताना किंवा बोअर घेताना काळा, टणक दगड लागला की अनेक जण त्याला ग्रॅनाइट म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो बेसॉल्ट असतो. दोन्ही अग्निजन्य खडक, म्हणजे तप्त शिलारस थंड होऊन बनलेले. पण त्यांचा जन्म वेगळा आणि त्यांच्यातील पाणी धरण्याची रीतही वेगळी.

बेसॉल्ट म्हणजे काय?

शिलारस लाव्हा होऊन जमिनीवर आला आणि लवकर थंड झाला की बेसॉल्ट बनतो. स्फटिक वाढायला वेळ न मिळाल्याने त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. लोह आणि मॅग्नेशियम जास्त असल्याने तो काळा आणि जड असतो. त्यात सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के असते.

वऱ्हाडात तो कसा आला?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर साचले. चिखलदरा, गाविलगड आणि नरनाळ्याचे कडे याच थरांचे आहेत. कपाशीची काळी मातीही प्रामुख्याने बेसॉल्ट झिजूनच तयार झाली.

ग्रॅनाइट कसा बनतो?

ग्रॅनाइटचा शिलारस वर येतच नाही. तो जमिनीखाली काही किलोमीटर खोल, अतिशय सावकाश थंड होतो. त्यामुळे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाचे दाणे स्पष्ट दिसतात. सिलिका ७० टक्क्यांच्या आसपास असल्याने रंग बहुधा पांढरट, करडा किंवा गुलाबी असतो. वरचे थर झिजल्यावरच तो उघडा पडतो. राज्यात तो भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागात आढळतो. अमरावती जिल्ह्यातही मोर्शी तालुक्यातील सालबर्डी परिसरात बेसॉल्टपेक्षा कितीतरी जुने, ग्रॅनाइटशी नाते सांगणारे पट्टेदार 'नाइस' खडक दिसतात.

मग ओट्यावरचा 'काळा ग्रॅनाइट'?

बाजारात चकचकीत पॉलिश होणाऱ्या बहुतेक कठीण दगडांना ग्रॅनाइटच म्हणतात. त्यातील काळा दगड अनेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. रासायनिकदृष्ट्या हे दोन्ही बेसॉल्टचेच भाऊबंद, फक्त जमिनीखाली थंड झालेले.

पाण्याशी काय संबंध?

बेसॉल्टच्या एकसंध कातळात पाणी जवळपास मुरत नाही. ते मुरमात, भेगांत, सच्छिद्र थरात आणि दोन थरांच्या सांध्यात साठते. म्हणूनच एका शेतातील बोअरला पाणी लागते आणि शेजारचा कोरडा जातो. ग्रॅनाइटमध्ये असे लाव्हाचे थर नसतात. तिथे पाणी वरच्या झिजलेल्या भागात आणि भेगांतच शोधावे लागते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचे गणित आणखी निराळे आहे. तिथे बेसॉल्टवर गाळाचे जाड थर आहेत आणि त्यातील पाणी अनेक ठिकाणी खारे आहे. नुसते खोल जाऊन गोडे पाणी मिळेलच असे नाही.

बोअरपूर्वी काय करावे?

• शेजारच्या विहिरींत मुरूम, भेगा आणि कातळ किती खोलीवर आहेत, ते पाहा.
• भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात किंवा भूवैज्ञानिकाकडे चौकशी करा.
• मशीन सुरू असताना बाहेर पडणारा चुरा खोलीनुसार नोंदवून ठेवा. पुढच्या बोअरचा खर्च त्यावरून ठरवता येतो.