म्हणे, ओटीपी तुम्हीच दिला असेल!

खात्यातून रक्कम नाहीशी झाली म्हणून माणूस शाखेत धावत जातो, तेव्हा काचेपलीकडून पहिले वाक्य येते ते हेच. किती गेले, केव्हा गेले, हे नंतर. आधी ज्याचे गेले तोच आरोपी! महापालिकेचा सफाई कामगार असो, शाळेतला शिपाई असो की पेन्शनवर दिवस काढणारी एखादी आजी असो, या एका वाक्याने माणूस ओशाळतो आणि हातातले पासबुक पिशवीत घालून पायऱ्या उतरतो. घरी मुले रागावतात, शेजारी हसतात. बँकेचे काम मात्र तिथेच संपते.

आमचे म्हणणे असे की हे वाक्य बोलण्याचा अधिकार बँकेला कोणीही दिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी सर्व व्यापारी बँकांना एक परिपत्रक पाठवले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसेच परिपत्रक गेले. ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर राहील, असे त्यात स्वच्छ लिहिले. म्हणजे पुरावा बँकेने द्यायचा. प्रत्यक्षात खिडकीवर उलटेच चालते, कारण परिपत्रके बँकेच्या फायलीत असतात आणि ग्राहकाच्या हातात फक्त पासबुक असते.

माहिती फुटते ती दर वेळी ग्राहकाच्या भोळेपणामुळेच, हा समज पसरवणे बँकांच्या सोयीचे आहे. २०१६ सालचे प्रकरण आठवून पाहावे. त्या ऑक्टोबरात देशाला कळले की निरनिराळ्या बँकांच्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली आहे. एकट्या स्टेट बँकेने सहा लाखांच्या आसपास कार्डे बंद केली. कोणा ग्राहकाने कार्डाचा आकडा कुणाला सांगितला होता काय? नाही. एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरले होते. ते शिरले २०१६ च्या मध्यावर, आणि कंपनीने ही गोष्ट मान्य केली २०१७ च्या फेब्रुवारीत. मधल्या काळात कित्येकांना आपले कार्ड का चालत नाही हेसुद्धा कोणी नीट सांगितले नाही.

आता पुण्याची कॉसमॉस बँक पाहा. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या एटीएम यंत्रणेत शिरकाव करून, बनावट कार्डांनी २८ देशांतून आणि पुढे स्विफ्टच्या मार्गाने, सुमारे ९४ कोटी रुपये नेण्यात आले. बँकेने काय केले? एटीएमची सेवा बंद केली, पोलिसांत फिर्याद दिली, हिशेब मांडला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयात अकरा जणांना शिक्षाही झाली. यात दोष काढण्यासारखे काही नाही, आम्ही तर म्हणू की ग्राहकाने हेच शिकावे. स्वतःची तिजोरी फुटली तेव्हा बँक लाजत बसली नाही. आधी दार लावले, मग फिर्याद दिली, आणि सगळे कागदावर आणले.

दार लावायचे म्हणजे कार्ड बंद करायचे, पिन आणि पासवर्ड बदलायचे, मोबाईल बँकिंग व यूपीआय तात्पुरते थांबवायचे. माहिती फुटल्याची नुसती बातमी आली, पैसे अजून गेलेले नाहीत, तरीही हे करावे. कार्ड नवे मिळते, त्याचा आकडा नवा असतो, चोराच्या हाती राहतो तो जुना. पैसे गेलेच असतील तर बँकेच्या क्रमांकाबरोबरच १९३० या सरकारी क्रमांकावर त्याच तासाला फोन करावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तरच ते परत मिळण्याची शक्यता असते. सकाळी बघू, मुलगा आल्यावर विचारू, असे म्हणण्यात रात्र गेली की पैसे चार खाती ओलांडून जातात.

मग शाखेत अर्ज. हा मुद्दा आम्ही थोडा लांबवून सांगणार आहोत, कारण सगळे इथेच अडते. तोंडी सांगून येऊ नये. साध्या कागदावर मराठीत खाते क्रमांक, रक्कम, व्यवहाराची तारीख-वेळ लिहावी आणि "हा व्यवहार मी केलेला नाही" असे एक वाक्य लिहावे. दोन प्रती कराव्यात. एका प्रतीवर बँकेचा शिक्का, सही, तारीख घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी. शाखाधिकारी "पोच देत नाही" म्हणाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. फोनवर तक्रार केली असेल तर तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. निवेदन द्यायचे आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचे नाही, ही सवय चळवळीतल्या कार्यकर्त्याला शिकवावी लागत नाही. तहसीलदारापुढे जी हिंमत दाखवतो ती बँकेत गेल्यावर कुठे जाते, हे कोडे आम्हाला उलगडलेले नाही.

तारखेला एवढे महत्त्व का? २०१७ च्या त्या परिपत्रकाने सगळा हिशेब दिवसांवर मांडला. बँकेचाच गैरव्यवहार, हयगय किंवा उणीव असेल तर ग्राहकाचे दायित्व शून्य, त्याने तक्रार केलेली असो वा नसो. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, मधल्याच कुठल्या यंत्रणेतून माहिती फुटली, अशा वेळी बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तरीही दायित्व शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर ग्राहकाच्या माथी येणाऱ्या रकमेला मर्यादा घातली : किमान शिलकीची अट नसलेल्या मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये, साध्या बचत खात्यासाठी १०,०००. सात दिवस उलटले की मात्र बँकेच्या संचालक मंडळाचे धोरण बोलणार. तक्रार आल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम बँकेने खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत प्रकरण निकाली काढायचे, हेही त्याच कागदात सांगितले. ज्याच्या हातून खरोखरच ओटीपी गेला, त्यानेही गप्प बसू नये. कळवण्याआधीचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा, असा तो नियम आहे.

हे सगळे कागदावरच राहते, असे कोणी म्हणेल. त्यांनी आसाममधल्या एका ग्राहकाचा खटला वाचावा. या गृहस्थाने ऑनलाइन कपडा मागवला होता आणि तो परत करायचा होता. विक्रेत्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ग्राहकांची माहिती चोरीला गेलेली. कंपनीचा माणूस म्हणून एकाने फोन केला, मोबाईलवर एक अॅप घ्यायला लावले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये स्टेट बँकेतल्या खात्यातून ९४ हजारांवर रक्कम गेली. बँकेने ठरलेले उत्तर दिले. हा माणूस खाली मान घालून परतला नाही. त्याने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले होते आणि तोच त्याचा आधार ठरला. गुवाहाटी उच्च न्यायालयाने ग्राहकाचा निष्काळजीपणा सिद्ध झालेला नाही असे म्हणून रक्कम परत करायला सांगितले. देशातली सर्वांत मोठी बँक ९४ हजारांसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि ३ जानेवारी २०२५ रोजी तिथेही हरली! आधार होता तो याच २०१७ च्या परिपत्रकाचा.

आमच्या वस्त्यांत आणि खेड्यांत मात्र मोठा धोका कार्डाचा नाही, अंगठ्याचा आहे. शिष्यवृत्ती असो, निराधार योजनेचे पैसे असोत, रोजगार हमीची मजुरी असो, सगळे आधार जोडलेल्या खात्यात येते, आणि गावातल्या बँकमित्राकडे अंगठा लावून काढले जाते. या पद्धतीत आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढे पुरते. ओटीपी लागतच नाही, म्हणजे "ओटीपी तुम्हीच दिला" ही सबब सांगायलाही जागा नाही. जमिनीच्या नोंदणी कागदांवरचे ठसे उचलून रबराची बोटे बनवल्याची प्रकरणे देशात उघडकीस आली आहेत. पिन बदलता येतो, बोट कसे बदलणार? यावर उपाय आहे तो आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करण्याचा. आधारच्या अॅपवरून किंवा संकेतस्थळावरून ते फुकट करता येते, मात्र मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला हवा. एक अडचण आधीच सांगून ठेवतो : कुलूप लावले की रेशन दुकानावरही अंगठा चालणार नाही, तेवढ्यापुरते ते उघडावे लागेल. मोबाईल हाताळता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे एकट्याने जमणारे नाही. विहारातल्या वाचनालयात बसणाऱ्या पोरांनी रविवारी दोन तास दिले तर अख्ख्या वस्तीचे काम होईल. त्याच बैठकीत पॅन असलेल्यांचा पतअहवालही काढून पाहावा. तो वर्षातून एकदा फुकट मिळतो, आणि फुटलेल्या माहितीवर आपल्या नावाने कोणी कर्ज उचलले असेल तर ते त्यात दिसते.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. २०२१ पासून ही योजना एकत्र केली गेली. वकील लागत नाही, शुल्क नाही, आणि चंदीगडच्या केंद्राकडे पोस्टाने पाठवलेली तक्रार कोणत्याही भाषेत चालते, हे त्या वेळीच जाहीर झाले. म्हणजे मराठीत लिहा. नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या लोकपालाच्या कक्षेत आल्या. पतसंस्था मात्र त्यात नाहीत. त्यांची दाद सहकार खात्याच्या निबंधकाकडे मागावी लागते.

भरपाईचा आणखी एक दरवाजा फारसा कोणी ठोठावत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ खाली, लोकांची माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागता येते, आणि राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव त्यावर निवाडा देतात. याच सचिवांपुढे २०१३ मध्ये पुण्यातील एका कंपनीने पंजाब नॅशनल बँकेकडून ४५ लाखांचा आदेश मिळवला, तोही फसव्या ई-मेलला तिने स्वतः उत्तर दिलेले असताना. २०२३ च्या नव्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र हे कलम काढून टाकण्याची तरतूद केली. नव्या कायद्यात माहिती न सांभाळणाऱ्यास २५० कोटींपर्यंत दंड आहे, वाचायला भारदस्त वाटतो, पण तो जाणार सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्याला त्यातला छदामही नाही. माहिती फुटल्याचे प्रत्येक बाधित माणसाला कळवण्याचे बंधन त्यात आहे, हे चांगलेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमांनी ही मुख्य कलमे लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत दिली. ज्यांची प्रकरणे कलम ४३-अ मध्ये बसतात, त्यांनी आपले अर्ज त्या मुदतीच्या आत सचिवांच्या कार्यालयात दाखल करावेत, आणि आवक क्रमांक घेऊन यावे.