आकारांची बेरीज-वजाबाकी

नववीच्या वर्गात संच शिकवताना आपण फळ्यावर एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे काढतो, मधला भाग खडूने रेघाटतो आणि त्याला छेद संच म्हणतो. दोन्ही वर्तुळांनी मिळून व्यापलेला सगळा भाग म्हणजे संयोग संच. बहुतेक विद्यार्थ्यांच्या लेखी या वेन आकृत्या परीक्षेपुरत्याच असतात. मात्र शाळेसमोरून जाणाऱ्या रिक्षाच्या मागच्या काचेवर जी रंगीत अक्षरे चिकटवलेली असतात, ती करणारा दुकानदार दिवसातून अनेकदा संयोग संच काढत असतो, हे त्यांना सांगितले तर ते नक्कीच कान टवकारतील.

या चिकटकागदाला आपल्याकडे सर्रास 'रेडियम' म्हणतात. (त्याचा रेडियम या मूलद्रव्याशी काहीही संबंध नाही, नाव मात्र कागदापेक्षा घट्ट चिकटले आहे.) तो कापणाऱ्या यंत्रात एक बारीक पाते असते आणि संगणक सांगेल त्या रेषेवरून ते फिरते. आता 'कमल' हा शब्द घ्या. संगणकात प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येते आणि मध्ये फट दिसू नये म्हणून शेजारच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. पडद्यावर काळ्यावर काळे असल्यामुळे हे कळत नाही. पात्याला मात्र रंग दिसत नाही, फक्त कडा दिसतात. ते 'क'ची पूर्ण कड कापते, मग 'म'ची पूर्ण कड कापते, आणि जोडावर शिरोरेषेचा बारीकसा तुकडा सुटून येतो. सुट्या उभ्या राहणाऱ्या रोमन अक्षरांना हा त्रास नाही. आपल्या लिपीला आहे. म्हणून कापण्याआधी तिन्ही अक्षरांचा एकच आकार करावा लागतो. कोरलड्रॉ वापरणारे या क्रियेला 'वेल्ड' म्हणतात. गणिताच्या भाषेत तो संयोगच.

हे शक्य होते कारण अशा चित्रात ठिपके साठवलेले नसतात. छायाचित्र म्हणजे लक्षावधी रंगीत ठिपक्यांची जाळी. व्हेक्टर चित्रात फक्त कडेचे वर्णन असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, जाताना अमुक बाजूला वळ. वळणदार कडेच्या प्रत्येक तुकड्यासाठी सहसा चार बिंदू पुरतात, दोन टोकांचे आणि दोन वळण ठरवणारे. या वक्रांना बेझिए वक्र म्हणतात. मोटारींच्या पत्र्याचे आकार नेमके सांगता यावेत म्हणून फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ साली आणि रेनॉ कंपनीत पिएर बेझिए यांनी त्यानंतरच्या दशकात ते स्वतंत्रपणे विकसित केले. कास्तेल्जोंचे काम कंपनीने बराच काळ गुप्त ठेवले, त्यामुळे नाव बेझिए यांचे झाले. वैज्ञानिक जगात असे पुष्कळदा होते.

आता प्रत्यक्ष करून पाहू. इंकस्केप हा विनामूल्य प्रोग्रॅम २००३ साली सोडिपोडी या आधीच्या प्रोग्रॅममधून वेगळा झाला. शाळेच्या साध्या संगणकावरही तो चालतो. त्यात ५ सेंटिमीटर त्रिज्येची दोन वर्तुळे अशी काढा, की प्रत्येकाचा केंद्रबिंदू दुसऱ्याच्या परिघावर येईल. दोन्ही निवडून कंट्रोलबरोबर अधिक चिन्ह दाबले की संयोग होतो, वजा चिन्ह दाबले की खालच्या वर्तुळातून वरचे वजा होते, आणि गुणाकाराच्या तारांकित चिन्हाने छेद मिळतो. चौथी क्रिया 'एकात आहे पण दोन्हींत नाही' एवढाच भाग ठेवते. प्रत्येक वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८.५४ चौरस सेंटिमीटर आहे आणि मधल्या भिंगासारख्या आकाराचे ३०.७१. तेव्हा संयोगाचे किती? १५७.०८ नव्हे, त्यातून ३०.७१ वजा करून १२६.३७. दोनदा मोजलेले एकदा वगळायचे हे सूत्र विद्यार्थी घटकांच्या संख्येसाठी पाठ करतात. येथे ते क्षेत्रफळासाठी तसेच्या तसे लागू पडते.

वजाबाकीत मिळालेली कोर बघून मुले लगेच 'चंद्र!' म्हणतील. येथे थोडे थांबावे. ही कोर झेंड्यावरच्या चंद्राची आहे, आकाशातल्या चंद्राची नाही. तिची बाहेरची कड मोजली तर २४० अंशांची भरते. खऱ्या चंद्रावर सूर्यप्रकाश नेहमी अर्ध्याच गोलावर पडतो, म्हणून उजळ बाहेरची कड कोणत्याही तिथीला १८० अंशांचीच असते आणि कोरीची दोन टोके बरोबर व्यासाच्या टोकांवर येतात. आतली कड वर्तुळाची नसून अर्ध्या लंबवर्तुळाची असते. खरी कोर हवी असेल तर वर्तुळावर तेवढ्याच उंचीचे पण कमी रुंदीचे लंबवर्तुळ मध्यावर ठेवून वजा करा. दोन बाजूंना दोन कोरी उरतील, त्यांतली एक आयत ठेवून काढून टाका. लंबवर्तुळाची रुंदी बदलत गेलात की प्रतिपदेनंतरपासून सप्तमीपर्यंतच्या कोरी मिळतील. आमच्या मते भूगोलाच्या तासालाही हा खेळ उपयोगी पडेल.

संगणक हे करतो कसे? त्याच्याजवळ कात्री नाही आणि नजरही नाही. प्रथम तो दोन्ही कडा एकमेकींना कोठे छेदतात ते शोधतो आणि त्या बिंदूंवर त्यांचे तुकडे करतो. मग प्रत्येक तुकड्याबद्दल एकच प्रश्न विचारतो: हा दुसऱ्या आकाराच्या आत आहे की बाहेर? उत्तर काढायची युक्ती सोपी आहे. तुकड्यावरच्या एका बिंदूतून कोणत्याही दिशेला लांबलचक सरळ रेषा काढायची आणि ती दुसऱ्या आकाराची कड किती वेळा ओलांडते ते मोजायचे. संख्या विषम असेल तर बिंदू आत, सम असेल तर बाहेर. गुंतागुंतीच्या नागमोडी आकृतीवर विद्यार्थ्यांकडून हे करून घ्यावे, मजा येते.

यापुढचे काम फक्त निवडीचे. संयोगासाठी बाहेरचे सगळे तुकडे ठेवायचे, छेदासाठी आतले सगळे. 'अ'मधून 'ब' वजा करायचा असेल तर 'अ'चे बाहेरचे आणि 'ब'चे आतले ठेवायचे. चौथ्या क्रियेत सगळेच तुकडे राहतात, फक्त जोडणी बदलते. म्हणजे चारही क्रियांत कापाकापी तीच. वेगळे होते ते काय ठेवायचे एवढेच. 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांचे असे बीजगणित होऊ शकते हे जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ सालच्या ग्रंथात विस्ताराने मांडले, म्हणून या क्रियांना बूलीय क्रिया म्हणतात.

अवघड भाग पहिल्या पायरीत लपलेला आहे. दोन सरळ रेषांचा छेदबिंदू दहावीचा विद्यार्थी काढतो. दोन बेझिए वक्र मात्र एकमेकांना नऊ ठिकाणीसुद्धा छेदू शकतात आणि ते बिंदू देणारे सुटसुटीत सूत्र नाही. येथे एक गुणधर्म मदतीला येतो: चार बिंदूंभोवती दोरा ताणून बांधला तर वक्र त्या दोऱ्याच्या बाहेर कधीच जात नाही. दोन वक्रांचे दोरे एकमेकांना शिवत नसतील तर वक्रही छेदत नाहीत, विषय संपला. शिवत असतील तर प्रत्येक वक्राचे दोन भाग करायचे आणि पुन्हा तीच तपासणी. असे करत छेदबिंदू हवा तितका जवळून पकडता येतो.

जवळून, पण अगदी नेमका नव्हे. शिवाय या क्रियेनंतर आपले वर्तुळही खरे वर्तुळ राहत नाही. सर्वसाधारणपणे ते चार बेझिए वक्रांचे होते आणि त्रिज्येत सुमारे ०.०२७ टक्क्यांपर्यंत फरक पडतो. एक मीटर त्रिज्येला पाव मिलिमीटरहून थोडा जास्त. रिक्षाच्या काचेवर हे कोणाला दिसणार? त्रास होतो तो वेगळ्याच जागी. दोन आयत कडेला कड अगदी चिकटवून ठेवले आणि संयोग केला, तर दोन कडा एकच आहेत की त्यांत केसाएवढी फट आहे हे संगणकाला ठरवता येईलच असे नाही, आणि जोडावर कधी एखादी चीर राहून जाते. म्हणून जाणकार माणूस आकार एकमेकांवर थोडे चढवतो आणि मगच जोडतो. शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात हे या दृष्टीने सोयीचेच आहे.

वरच्या वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. 'अ'मधून 'ब' आणि 'क' यांचा संयोग वजा केला काय, किंवा 'अ'मधून 'ब' आणि 'अ'मधून 'क' वेगवेगळे वजा करून त्या दोन उत्तरांचा छेद घेतला काय, संच तोच येतो. तीन वेगवेगळे आकार एकमेकांवर काढा. क्रिया झाली की मूळ आकार उरत नाहीत, म्हणून आधी नकला करून ठेवा. दोन्ही मार्गांनी उत्तरे काढा, ती जागची न हलवता दोन्ही निवडा आणि त्यांवर चौथी क्रिया करा. दोन्ही उत्तरे तंतोतंत एक असतील तर पडद्यावर काहीच उरायला नको. कधी कधी मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत असे चिंधीएवढे तुकडे उरतात. चित्र खूप मोठे करून ते विद्यार्थ्यांना दाखवा, आणि नियम चुकला की संगणक, हा वाद वर्गात होऊ द्या.