अवतरण निर्णयप्रक्रिया, विमानातील
विमान धावपट्टीच्या दिशेने उतरत असताना एखाद्या उपकरणात बिघाड झाल्यास अवतरण पूर्ण करावे, ते सोडून पुन्हा वर जावे की दुसऱ्या विमानतळाकडे वळावे, हे ठरविण्याच्या वैमानिकगटाच्या पद्धतशीर कार्यास ही संज्ञा लावतात. उड्डाणाच्या या अखेरच्या टप्प्यात उंची व वेळ ही दोन्ही झपाट्याने कमी होत असतात. प्रवासी जेट विमान सामान्यपणे सुमारे 3° कोनात उतरते. 1,000 फुटांवरून (सु. 305 मी.) धावपट्टीपर्यंत येण्यास त्याला सव्वा ते दीड मिनिटच लागते. तेवढ्या अवधीत विमान सांभाळणे, बिघाड ओळखणे व निर्णय घेणे ही तिन्ही कामे एकट्या माणसाच्या आवाक्यात राहत नाहीत.

कार्यविभागणी : दोन वैमानिकांपैकी एक विमान चालवितो, तर दुसरा वेग, उंची व उतरण्याचा दर यांवर लक्ष ठेवून विचलन दिसताच ते मोठ्याने सांगतो. बिघाड झाला तरी प्रथम विमानाचे नियंत्रण, नंतर मार्ग व त्यानंतर भूकेंद्राशी संपर्क, असा क्रम पाळावयाचा असतो. वेग, उतार, दिशा व चाके-झडपांची स्थिती ठरावीक उंचीपर्यंत मर्यादेत आली नसल्यास अवतरण सोडून वर जाणे बंधनकारक असते. यास वैमानिकांच्या भाषेत ‘गो-अराउंड’ म्हणतात. धकाधकीच्या क्षणी नव्याने विचार करावा लागू नये, निर्णयाचे निकष आधीच ठरलेले असावेत, हा या नियमामागील हेतू होय.

पूर्वेतिहास : बिघाड क्षुल्लक असूनही लक्ष विचलित झाल्याने अनर्थ ओढवू शकतो, हे 29 डिसेंबर 1972 रोजी अमेरिकेतील मायामीजवळ दिसून आले. पुढचे चाक खाली आल्याची खूण देणारा दिवा लागला नाही. वैमानिकगट त्यात गुंतला असता विमान हळूहळू खाली येत गेले आणि दलदलीत कोसळून 101 जण मृत्युमुखी पडले. 28 डिसेंबर 1978 रोजी पोर्टलंड येथे चाकांच्या बिघाडाचा विचार करीत विमान सुमारे तासभर घिरट्या घालीत राहिले व इंधन संपून कोसळले. इंधनाविषयी सहकारी बोलले होते, परंतु त्यांच्या बोलण्यात निकड नव्हती. अशा अपघातांच्या अभ्यासातून 1979 मध्ये अमेरिकेच्या नासा या संस्थेने चर्चासत्र भरविले आणि वैमानिकगटाच्या परस्परसहकार्याच्या प्रशिक्षणास चालना मिळाली.

महाराष्ट्रातील घटना उड्डाणानंतरची असली, तरी तिच्यातील प्रश्न हाच होता. 1 जानेवारी 1978 रोजी मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोईंग 747 विमान वांद्र्यानजीक समुद्रात कोसळून त्यातील सर्व 213 जण ठार झाले. विमान सरळ झाल्यावरही ते उजवीकडे कललेले असल्याचे प्रमुख वैमानिकासमोरील स्थितिदर्शक दाखवीत राहिला. त्यावर विसंबून विमान डावीकडे अतिशय कलविले गेले. बाहेर अंधार असल्याने क्षितिजाचा आधार नव्हता. फ्लाइट इंजिनिअरने त्या उपकरणावर विसंबू नये असे सुचविले, पण तोवर वेळ उरला नव्हता.

कोझिकोड अपघात : 7 ऑगस्ट 2020 रोजी रात्री दुबईहून 190 जणांना घेऊन आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे बोईंग 737 विमान केरळमधील कोझिकोड येथे टेकडीवरील धावपट्टीवर उतरत होते. प्रमुख वैमानिक दीपक साठे हे भारतीय हवाई दलातून आलेले अत्यंत अनुभवी वैमानिक होते. पहिल्या प्रयत्नात मुसळधार पावसात त्यांच्या बाजूचा काचेवरील वायपर बंद पडला व अवतरण सोडून देण्यात आले. दुसऱ्या वेळी विरुद्ध दिशेची धावपट्टी निवडण्यात आली. त्या दिशेला वारा पाठीमागून येत होता. पाऊस, ओली धावपट्टी व पाठचा वारा यांमुळे थांबण्यास लागणारे अंतर वाढते, तर अधू वायपरमुळे उंचीचा अंदाज घेणे कठीण होते.

विमान 2,700 मी. लांबीच्या धावपट्टीवर सुमारे 1,350 मी. पुढे टेकले व टोकावरून उतारावर कोसळले. दोन्ही वैमानिकांसह 21 जण मरण पावले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालानुसार अवतरण अस्थिर होते. सहवैमानिकाने अखेरीस ‘गो-अराउंड’ असे सांगितले, परंतु अवतरण चालू ठेवण्यात आले व त्यानेही नियंत्रण स्वतःकडे घेतले नाही. दुसऱ्या दिवशीच्या उड्डाणासाठी तेथेच उतरण्याची ओढ आणि कंपनीकडील प्रमुख वैमानिकांची तेथील अपुरी संख्या यांचाही अहवालात उल्लेख आहे. दोष केवळ एका व्यक्तीचा मानता येत नाही, असा याचा अर्थ होतो.

अधिकार व सूचना : ज्येष्ठाचा शब्द खाली पडू न देण्याची वृत्ती घरात किंवा कचेरीत शोभून दिसली, तरी विमानाच्या कक्षात ती घातक ठरू शकते. केवळ ‘कॅप्टन’ अशी हाक मारणे ही सूचना नव्हे. म्हणून विचलन आकड्यात सांगणे, उत्तर न मिळाल्यास उपाय स्पष्ट शब्दांत सुचविणे व तोही न मानल्यास ताबा घेणे, अशा पायऱ्या सहवैमानिकास शिकविल्या जातात. प्रमुख वैमानिकासही अशी सूचना अवमान न मानता तत्काळ पाळण्याचे शिक्षण दिले जाते. हा सराव उड्डाणाचा आभास निर्माण करणाऱ्या सिम्युलेटर यंत्रावर करून घेतात. अवतरण सोडल्याबद्दल वैमानिकास शिक्षा न करण्याचे धोरण या सर्वांस पूरक ठरते. कारण त्यातून होणारे नुकसान थोडा वेळ व काही इंधन एवढेच असते.