प्रदर्शनापूर्वी जुन्या गाडीचे इंजिन

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. ज्यांनी ही गाडी घरी जपली, ते ती आता प्रदर्शनात मांडतात. तेथे जाणकार माणूस रंगावर भुलत नाही. तो आधी बॉनेट उघडायला सांगतो.

तुम्ही म्हणाल, मग मारू या पाण्याची नळी! छे, मुळीच नको. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात पाणी शिरले की ठिणगी भलतीकडेच पळते आणि गाडी ढकलत न्यावी लागते. (मी नेली आहे!)

इंजिन पुरते थंड होऊ द्या, बॅटरीची तार काढा. पण लगेच पुसू नका, आधी नीट पाहा. तेलकट धूळ ओली कोठे आहे? टॅपेट कव्हरखाली असेल तर बहुधा त्याचे पॅकिंग गेले. पुसलेत की ही खूणही गेली, बरं का! मग डिस्ट्रिब्यूटर, कार्ब्युरेटर, डायनॅमो प्लॅस्टिकने बांधा. रॉकेलात ब्रश बुडवून कीट सोडवा, चिंधीने टिपा. विडी दूर ठेवा. पट्ट्याला आणि रबरी नळ्यांना रॉकेल लागू देऊ नका. पेट्रोल तर नकोच. सारे वाळले की प्लॅस्टिक सोडा, तार जोडा, इंजिन थोडे चालवा आणि मघाची ओली जागा पुन्हा पाहा.