पोपटीसोबत कुठली वाइन?

थंडीत कर्जत-खालापूरच्या फार्महाउसवर मडक्यात भाजायची पोपटी लागते, तेव्हा हल्ली मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांच्या सामानात नाशिकची एखादी वाइनही असते. बाटलीबरोबर तिच्याबद्दलचे पक्के समजही येतात.

‘रेड वाइन गार करायची नाही, खोलीच्या तापमानालाच प्यायची’ हा त्यातला सर्वांत चिवट. हा नियम युरोपातल्या जुन्या, थंड घरांमधला. तिथली खोली म्हणजे जेमतेम १६ ते १८ अंश. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली पारा चाळिशीकडे सरकतो. इतक्या उष्म्यात नाकाला अल्कोहोलचा भपका तेवढा जाणवतो, फळाचा वास हरवतो. रेडसुद्धा अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवावी.

‘जितकी जुनी तितकी चांगली’ हेही मोजक्याच वाइनना लागू. बहुतेक बाटल्या दोन-चार वर्षांत संपवण्यासाठीच बनवलेल्या असतात. फार्महाउसच्या माळ्यावर तीन उन्हाळे काढलेली बाटली मुरत नाही, बिघडते. फिरकीच्या झाकणाला नाक मुरडू नये. बुचातून येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास या झाकणामुळे टळतो. ग्लासच्या कडेने ओघळणाऱ्या धारांवरून दर्जा सांगणारे तज्ज्ञही प्रत्येक पार्टीत भेटतात. त्या धारा मुख्यतः अल्कोहोलच्या प्रमाणावर अवलंबून असतात.

‘चव ओळखायला खास जीभ लागते’ हा समज मात्र मला सर्वांत खटकतो. जांभूळ खाल्ल्यावर तोंड कोरडं पडतं, जीभ खरखरीत होते. रेड वाइनमधलं टॅनिनही हेच करतं. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. हा तुरटपणा चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा. टॅनिन येतं द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून. रेड सालीसकट आंबवतात, व्हाइटचा रस आधीच वेगळा काढतात, म्हणून व्हाइटमध्ये ते कमी. कैरीने दातांना येणारी शिरशिरी ठाऊक असेल, तर सॉव्हिन्याँ ब्लाँ या व्हाइटचा आंबटपणाही कळेल. आणि पेरूचा, अननसाचा वास आला म्हणून वाइन गोड असेलच असं नाही. वास नाकाचा, साखर जिभेची. एक घोट तोंडात घोळवून पाहिला की फरक कळतो.

आता पोपटी. ‘मांसाला रेड, माशाला व्हाइट’ हे सूत्र इथे कोलमडतं. भांबुर्डीचा पाला, ओवा, वालाच्या शेंगा आणि मसाला लावलेली कोंबडी यांच्यासमोर शिराझसारखी तुरट, जड रेड घेतली तर तिखट आणखी झोंबतं, कारण अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. शेनिन ब्लाँसारखी किंचित गोडसर, गार व्हाइट इथे जास्त जुळते. माझं मत विचाराल तर शिराझ मटणासाठी राखून ठेवा, तेही मसाला बेताचा असेल तर.

‘एवढे डोंगर आहेत, मग कर्जतला द्राक्षबागा का नाहीत?’ हा प्रश्नही हमखास येतो. उत्तर पावसात आणि दमटपणात आहे: अशा हवेत केवडा आणि भुरी हे रोग वेलीला सोडत नाहीत. नाशिकला पाऊस बराच कमी, हवा कोरडी. तिथे ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि जानेवारीपासून वाइनच्या द्राक्षांची तोडणी.

शेवटचा समज जरा गंभीर: ‘वाइन म्हणजे काही दारू नव्हे.’ २०२२च्या जानेवारीत राज्य सरकारने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा यावर बराच वाद झाला. हिशेब साधा आहे. १३ टक्क्यांच्या वाइनचा १५० मिलीचा ग्लास म्हणजे सुमारे साडेएकोणीस मिली अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ते तेरा मिलीच्या आसपास. गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, आणि ती वाइनलाही तितकीच लागू होते.